झाकली मूठ आणि ‘बलुतं’

बी.ए.च्या वर्गात ‘बलुतं’ शिकवीत होतो. एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, हे पुस्तक इंग्रजीत गेलंय. बाहेरचे लोक आपल्या देशाला काय म्हणतील?” प्रश्न आपल्याच वस्तीतल्या मुलाचा होता, म्हणून अधिक लागला. मी परभणी जिल्ह्यातल्या एका सालगड्याचा मुलगा. घरातली पहिली पदवी माझी. ‘आपला देश’ म्हणताना या मुलापुढे जे चित्र उभे राहते, त्यात त्याचा बाप कोठे असतो? हे त्या क्षणी मला विचारता आले नाही. येथे विचारतो.

देशाची प्रतिमा ज्यांच्या हाती होती, त्यांनी झाकली मूठ सव्वा लाखाची मानली. २००१ साली डर्बन येथे संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद भरली. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका तेव्हा भारत सरकारने घेतली. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीही मांडले होते. पण ते जातीची चिकित्सा करण्यासाठी, ती झाकण्यासाठी नव्हे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखविले. हिंदू जगभर गेले तर जात हा जगाचाच प्रश्न होईल, हे केतकरांचे मतही त्यांनी तेथे उद्धृत केले. २०२३ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. मूठ झाकलेलीच होती. तरी आतले बाहेर सांडले.

‘बलुतं’ (१९७८) नेमके याच्या उलट करते. शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार तेथे समोरासमोर बसतात. दगडू बोलतो, दया पवारला ऐकावे लागते. पवार ना गावाला सोडतात, ना स्वतःला. म्हणूनच हे पुस्तक देशाची बदनामी ठरत नाही; ती आत्मपरीक्षा आहे. आपल्या दगडूला समोर बसवून ऐकण्याची ही हिंमत राष्ट्राने अजून दाखविलेली नाही.

मात्र आपल्यालाही एक खोड लागली आहे. कोणाचे पुस्तक कोणत्या भाषेत गेले, याची आपण मोजदाद करतो. लपविणारा आणि मिरविणारा, दोघेही परक्यालाच न्यायाधीश करतात. २०१५ च्या इंग्रजी अनुवादाने शीर्षकातला ‘बलुतं’ हा शब्द तसाच ठेवला. वाचकाला तो शब्द, आणि त्यामागचा गावगाडा, शिकून घ्यावा लागतो. दया मागणारे लेखन असे काही शिकवीत नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी, मानवी हक्कांच्या दिवशीच, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्या दिवशी प्रश्न बाहेरचे काय म्हणतील हा नव्हता.

मुला, तुझा प्रश्न खरा आहे. फक्त त्याचे तोंड फिरव. आरशात पाहताना हा देश स्वतःला काय म्हणतो, ते विचार.