१.४१ चं करायचं काय?

केमो चालू असताना व्हिटॅमिनच्या गोळ्या चालतात का, या प्रश्नावर एक पेपर पुन्हापुन्हा पुढे केला जातो. क्रिस्टीन अ‍ॅम्ब्रोसोन आणि सहकाऱ्यांचा, २०२० च्या ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’तला. कोणी म्हणतं, अँटिऑक्सिडंटने कॅन्सर उलटतो हे सिद्ध झालं. कोणी म्हणतं, काहीच सिग्निफिकंट नाही, बिनधास्त घ्या. पेपर नीट वाचलात तर यातलं एकही वाक्य त्यात सापडणार नाही.

आधी डिझाइन बघा. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी एस-०२२१ नावाची केमोची ट्रायल झाली. त्यातल्या १,१३४ रुग्णांनी आपण कोणत्या गोळ्या घेतो याची प्रश्नावली भरली: नाव नोंदवताना आणि सहा महिन्यांनी. म्हणजे रँडमाइझ झाली ती केमो. व्हिटॅमिन ज्याने त्याने आपल्या मर्जीने घेतलं. ‘ट्रायलमधला डेटा’ म्हटलं की आपण जरा सैल पडतो ना, तिथेच सावध व्हा. या प्रश्नापुरता हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे.

आता आकडा. केमोच्या आधी आणि केमोदरम्यान, दोन्ही वेळा अँटिऑक्सिडंट (व्हिटॅमिन ए, सी, ई वगैरे) घेणाऱ्यांत कॅन्सर परत येण्याचा हॅझर्ड रेशो १.४१, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.९८ ते २.०४. खालचं टोक एकच्या जेमतेम खाली. याला ‘परिणाम नाही’ म्हणता येत नाही, कारण दुप्पट धोकाही याच इंटरव्हलमध्ये बसतो.

याच्या शेजारी बैराती यांचा कॅनडातला २००५ चा पेपर ठेवा. डोकं-मानेच्या कॅन्सरचे ५४० रुग्ण, रेडिएशन चालू, आणि खरोखर रँडम वाटप: काहींना व्हिटॅमिन ई (सुरुवातीला सोबत बीटा-कॅरोटीन), बाकीच्यांना प्लासिबो. गोळ्या घेणाऱ्यांना रेडिएशनचा तीव्र त्रास कमी झाला. पण त्याच जागी कॅन्सर उलटण्याचा रेशो आला १.३७, इंटरव्हल ०.९३ ते २.०२. आकडे जुळे भाऊ वाटतात, पण वजन सारखं नाही. इथे गोळी कोण घेणार हे रुग्णाने ठरवलं नव्हतं. शिवाय रेडिएशनचं बरंच काम फ्री रॅडिकलमधून होतं. निरोगी पेशींना वाचवणारी गोळी ट्यूमरलाही वाचवत असेल, ही शंका त्यामुळे रास्त ठरते. अँटिऑक्सिडंटबद्दल मी सावध आहे तो मुख्यतः या पेपरमुळे.

अ‍ॅम्ब्रोसोन यांच्या पेपरमधला सगळ्यात ठळक निकाल खरं तर बी-१२ चा आहे. दोन्ही वेळा घेणाऱ्यांत डिसीज-फ्री सर्व्हायव्हलसाठीचा हॅझर्ड रेशो १.८३ (१.१५ ते २.९२). पी-व्हॅल्यू देखणी, पण माझा भरवसा इथे कमी. केमोच्या आधीपासून बी-१२ कोण घेतं? वय झालेलं माणूस, अ‍ॅनिमिया असलेलं, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारं. गोळीमागचं कारण आणि गोळीचा परिणाम हा गुंता प्रश्नावलीवरून सोडवणं अवघड. त्यात एकाच डेटावर अनेक गोळ्या तपासल्या की एखादी योगायोगानेही चमकते. लेखकांनी सावधपणाच सुचवला आहे, पण त्यातून मल्टिव्हिटॅमिन वगळलंय. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-१२ असतंच की! मात्रा कमी, हे उत्तर असू शकतं. मग मात्रेचा हिशोब दाखवायला हवा.

आपल्याकडे हा किस काढण्याला अर्थ आहे. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. पॅक्लिटॅक्सेलने हातापायाला मुंग्या येतात, आणि अशा तक्रारीवर मिथाइलकोबालामिन सहज लिहून दिलं जातं, बऱ्याचदा प्रीगॅबलिनबरोबर एकाच गोळीत. कुणी १.८३ हा आकडा वाचून घरच्या घरी ती गोळी बंद केली आणि कमतरता खरीच असली, तर नसांचं नुकसान दोन्हीकडून होणार. अशा रुग्णांत केमोच्या आधी रक्तातलं बी-१२ मोजून, नंतर गोळीची मात्रा नोंदवत केलेला अभ्यास हवा. प्रपोजलसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या.