मराठी भित्तिचित्रें आणि त्यांचे परीक्षक

सामान्य वाचकांकरितां लिहिलेले हिंदी चित्रकलेचे बहुतेक इतिहास अजिंठ्यापासून निघतात, मध्यें हजार-बाराशें वर्षांची उडी मारतात आणि बुंदी, जयपूर, शेखावाटी व हिमालयाच्या कुशींतलें चंबा येथें जाऊन विसावतात. मराठ्यांच्या वांट्यास शेवटीं एखादा परिच्छेद आला तर आला. त्याचा मथितार्थ असा कीं, पेशव्यांनीं व सरदारांनीं उत्तरेकडून चितारी आणविले, त्यांच्या शैलीची नक्कल येथील वाड्यांतून झाली, आणि ती नक्कलही मूळच्या तोडीची उतरली नाहीं. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे जो एक अभिमानाचा सूर निघतो, तोही आम्हांस तितकाच निरुपयोगी वाटतो. वादी आणि प्रतिवादी दोघेही चित्राकडे पाहतात. ज्या भिंतीवर तें आहे तिच्याकडे कोणीच पाहत नाहीं.

महाड व पोलादपूर येथील वाचकांस आमचें म्हणणें लवकर पटेल. सावित्री आणि कृष्णा या दोन्ही नद्यांचा उगम महाबळेश्वरीं. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर व महाडावरून बाणकोटच्या खाडीस मिळते. कृष्णा पूर्वेस वळून वाईस येते. पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर, आणि पांचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाई, एवढाच काय तो प्रवास. परंतु तेवढ्यांत चित्रांच्या इतिहासांतील एक सीमा ओलांडली जाते. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे व त्याच्या भिंतींवर चित्रें आहेत; खुद्द वाईस रास्त्यांच्या मोतीबागेंतही तीं आहेत. घाटाखालीं महाडास पाहुण्यास दाखवावयाचें तें गांधारपाल्याच्या लेण्यांतील कोरीवकाम व विष्णुपालित नामक राजपुत्राचा शिलालेख. मराठेशाहीची रंगविलेली भिंत म्हणून मेणवलीच्या शेजारीं मांडावें असें तिकडे कांहीं प्रसिद्ध नाहीं.

याचें कारण रसिकतेचा अभाव म्हणावें, तर तें जुळत नाहीं. रायगड महाडच्या उशाशीं आहे. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधि पोलादपुरांत आहे. आणि मेणवलीचे धनी नाना फडणवीस, सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या धामधुमींत, १७९६ सालीं वाईहून निघून महाडासच येऊन राहिले होते. दुसऱ्या बाजीरावास ज्या खलबतामुळें गादी लाभली तें महाडच्याच नांवानें ओळखलें जातें. अर्थात् नाना कांहीं वाडा रंगवावयास तेथें आले नव्हते! पण घाटावरचीं व घाटाखालचीं माणसें एकाच जगांत वावरत होतीं, हें यावरून दिसतें. फरक होता तो पावसाचा. पोलादपुराकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वाईस त्याचा चौथा हिस्सा पडला तरी पुष्कळ झालें.

पावसाचा चित्राशीं संबंध काय, हें कळण्यास रंग भिंतीला कसा धरतो तें ध्यानीं घेतलें पाहिजे. जयपूरकडील पद्धतींत, जिला तिकडे ‘आराइश’ म्हणतात, उत्तम चुना व संगमरवराची पूड यांचा गिलावा ओला असतांनाच त्यावर रंग देतात, तो ठोकून आंत मुरवितात आणि अकीकाच्या दगडानें घोटून त्यास कांचेसारखी झिलई आणतात. चुना वाळतांना रंगाला आपल्या पोटांत घेतो. मग तें चित्र भिंतीवर राहत नाहीं, भिंतींत राहतें. मराठी वाड्यांतील चित्रें याहून वेगळीं आहेत. गिलावा वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग त्यावर लावलेले आहेत. अजिंठ्यासही गिलावा मातीचा असला तरी काम कोरड्यावरचेंच आहे. अशा चित्रास ओल हा काळ होय. भिंतीस दमटपणा आला कीं चिकट द्रव्य कुजतें, रंगाच्या खपल्या सुटतात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जयपूरची हुबेहूब नक्कल करावयाची असती, तर तिची क्रिया आधीं घेतली असती; ती घेतलेली नाहीं. प्रसंग घेतले, आकृतींची ठेवण घेतली, एका बाजूनें दिसणारा चेहरा घेतला, आणि हें सर्व आपल्या गवंड्याच्या भिंतीवर आपल्या रीतीनें बसविलें. देणें उत्तरेचें आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. शनिवारवाड्याच्या सजावटीच्या संबंधांत जयपूरच्या भोजराजाचें नांव सांगण्यांत येतें. मराठी भित्तिचित्रांत कोठें घागरा-ओढणी दिसते, तर कोठें काष्ट्याचें लुगडें व नथ. पुराणांतील राजाच्या डोक्यावर सरदारी पगडी चढलेलीही दिसते. मेणवलीच्याच देवळापाशीं वसईच्या मोहिमेंतून आलेली, मेरी व बाळ येशू यांची आकृति असलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिला कोणी नक्कल म्हणत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, तुलनेस आज जें उरलें आहे तें मराठ्यांचें सर्वोत्कृष्ट काम नव्हे. ज्या शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला, तो २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत जळून गेला. राजधानींतील भिंती गेल्या आणि राहिल्या त्या मेणवली, वाई, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल अशा बाहेरगांवच्या. जयपूर जळून खाक झालें असतें आणि एखाद्या ठाकुराच्या गढीवरून राजस्थानी कलेची पारख झाली असती, तर ती जशी झाली असती तशी आपली झाली आहे.

तथापि गुणदोषांचा हिशेब चुकतां कामा नये. बुंदीच्या चित्रशाळेंतील हिरव्यानिळ्या रंगांची तृप्ति, तेथील दाट झाडी, तेथील पाण्याची ओढ मेणवलीस शोधूं जाल तर निराश व्हाल. येथें निसर्ग तोंडीं लावण्यापुरता आहे. चेहरे एकाच सांच्यांतले, हात कोठें कोठें लांकडी आहेत. पण रेषा ठाम आहे, आणि आकृतींची मांडणी सोप्यांत बसल्या माणसाच्या नजरेला सोयीची आहे. दशावतार, कृष्णलीला, गणपति हे विषय नित्य उठतां बसतां पाहावयाचे; त्यांत चमत्कृति कमी आणि ओळख अधिक असावी हें साहजिकच होय. पुण्याच्या हातास निरीक्षण साधत नव्हतें, असें मात्र कोणीं म्हणूं नये. त्याच काळीं, १७९० च्या सुमारास, गंगाराम तांबट वेरूळचीं लेणीं आणि पेशव्यांच्या संग्रहांतला गेंडा डोळ्यांसमोर ठेवून रेखाटीत होता; त्याचीं चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. कागदाचें काम वेगळें, भिंतीचें वेगळें, एवढेंच.

आतां घाटाखालीं परत जाऊं. दक्षिण कोंकण व गोमंतक येथील देवळांत पावसावर एक तोड काढलेली दिसते, ती कावीची. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, थर द्यावयाचा आणि तो ओला आहे तोंच टोंकदार हत्यारानें खरवडून खालचा चुना उघडा करावयाचा. रंग दोनच, परंतु ओल्या चुन्यांतच बसलेलें हें काम पावसाळ्यांमागून पावसाळे सोसतें. घरांतून दुसरी तोड निघाली, ती आमच्या मतें अधिक मोलाची. नागपंचमीस भिंतीवर वा पाटावर नाग काढावयाचा, सण सरला कीं तो पुसूं द्यावयाचा, आणि पुढल्या वर्षीं पुन्हा काढावयाचा. ज्या मुलखांत भिंत चित्र राखीत नाहीं तेथें तें हातानें राखलें: आईच्या हातून लेकीच्या, सासूच्या हातून सुनेच्या. इतिहासकारांस यांत ‘शैली’ दिसत नाहीं, कारण सही नाहीं, साल नाहीं, आश्रयदाता नाहीं. महाड-पोलादपुराकडे चित्रपरंपरा नव्हती, असें म्हणणाऱ्यांनीं श्रावणांत एकदां माजघरांत डोकावावें.

वाड्यांवरील चित्रांचा अभ्यास आपल्याकडे झालाच नाहीं असें नव्हे. कमल चव्हाण यांचा मराठा भित्तिचित्रांवरील इंग्रजी ग्रंथ १९८३ सालींच प्रसिद्ध झाला आहे, आणि १६५० ते १८५० असा दोनशें वर्षांचा पट त्यांत घेतला आहे. परंतु ग्रंथ भिंत वांचवीत नाहीं. अजिंठ्याच्या प्रतिकृति काढण्यांत रॉबर्ट गिलनें वर्षानुवर्षें घालविलीं व त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसांत जळाल्या. ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं पुन्हा काढलेल्यांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं गेल्या. प्रतिकृतींवर विसंबणें किती बेभरंवशाचें, याहून अधिक सांगावयास नको.

मराठी वाड्यांस आग हल्लीं क्वचितच लागते. तेथें डागडुजी होते. चुन्याची भिंत खपली सोडूं लागली कीं मालक आपुलकीनेंच गवंडी बोलावितो, आणि गवंडी सिमेंट लावतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि टाकते. सिमेंट ती कोंडून ठेवतें. मग तें पाणी वाट काढतें तें शेजारच्या जुन्या गिलाव्यांतून, क्षार घेऊन, रंगाच्या पाठीमागून. चित्रास हातही न लावतां तें असें दहा-पंधरा पावसाळ्यांत उतरून जातें. वाई-मेणवलीकडे पाऊस थोडा म्हणून हें सावकाश होतें. घाटाखालीं ज्यांच्या घरांत अद्याप चुन्याची जुनी भिंत उभी आहे, त्यांनीं पुढच्या चैत्रांत ती खरवडण्यापूर्वीं पांढऱ्या हाताखालीं काय आहे तें एका कोपऱ्यांत, ओल्या फडक्यानें नव्हे, कोरड्या मऊ कुंचल्यानें पाहावें.