'स्पाय किड्स' आणि बालयोग्यतेचा निकष

एखादी कलाकृती मुलांसाठी योग्य आहे की नाही, हा प्रश्न आधुनिक समीक्षेने सहसा आपला मानलेला नाही. तो पालकांचा, शिक्षकांचा, फार तर परिनिरीक्षण मंडळाचा प्रश्न आहे असे गृहीत धरून साहित्यविचार पुढे जातो. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये आदर्श नगरातील बालकांच्या कानांवर कोणत्या कथा पडाव्यात याची छाननी केली, तेव्हा मात्र हा प्रश्न काव्यविचाराच्या मुळाशीच होता. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'स्पाय किड्स' (२००१) हा कौटुंबिक, विनोदी हेरपट या प्रश्नाकडे पुन्हा वळावयास लावतो; कारण मुलांसाठी म्हणून तयार होणाऱ्या करमणुकीच्या पोटात काय दडलेले असते, हाच त्याच्या कथानकाचा विषय आहे.

अमेरिकेत १९६८ पासून चालत आलेल्या वर्गीकरणपद्धतीत या चित्रपटाला 'पी.जी.', म्हणजे पालकांचे मार्गदर्शन सुचविणारा दर्जा मिळाला. त्यासाठी नोंदविलेले कारण होते ते थरारक हाणामारीच्या दृश्यांचे. भारतात २०२३ च्या दुरुस्तीने चलचित्र अधिनियमातील 'यूए' वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे पोटभेद केले. दोन्हीकडील तर्क एकच आहे : चित्रपट म्हणजे घटकांची बेरीज, हिंसा किती, अपशब्द किती, लैंगिक सूचन किती, हे मोजले की योग्यतेचा निर्णय हाती येतो. वयाचे टप्पे अधिक बारीक केल्याने मोजपट्टी सूक्ष्म होते, परंतु जे मोजावयाचे ते बदलत नाही. संहितेची रचना, तिचा प्रेक्षकाशी असलेला संबंध आणि तिच्यातील मूल्यव्यवस्था या मोजणीत सापडत नाहीत.

'स्पाय किड्स'मधील हाणामारी वस्तुतः निरुपद्रवी आहे. खलनायकाचे रक्षक म्हणजे हात, पाय, डोके सर्वत्र अंगठेच असलेले प्राणी. ते कोलमडतात, आपटतात, पाण्यात पडतात. रक्त कोठे दिसत नाही. भयाचा खरा उगम अन्यत्र आहे. ग्रेगोरिओ व इन्ग्रिड कॉर्तेझ हे निवृत्त हेर. आपला भूतकाळ त्यांनी कार्मेन व जुनी या मुलांपासून लपविला आहे. आई तो झोपतानाची गोष्ट म्हणून सांगते आणि मुले तो कल्पित समजून ऐकतात. आईवडील नाहीसे होतात, घरावर हल्ला होतो आणि ज्याला आजवर काका म्हटले तो त्याच क्षणी आपण काका नसल्याचे सांगतो. घर, नाते आणि गोष्ट या मुलाच्या तीनही आधारांचे खोटेपण काही मिनिटांत उघड होते. वर्गीकरणाच्या नोंदीत या भयाला जागा नाही. ब्रूनो बेटेलहाइम यांनी 'द यूजेस ऑफ एन्चांटमेंट' (१९७६) मध्ये परीकथेतील क्रौर्याचे समर्थन केले, ते मुलाच्या अव्यक्त भीतीला ते आकार देते म्हणून. त्यांच्या मनोविश्लेषणात्मक आग्रहावर पुढे पुष्कळ आक्षेप आले, व ते रास्तही होते. तथापि परित्यक्त होण्याची भीती मुलापासून लपविल्याने नाहीशी होत नाही, एवढा मुद्दा त्यातून शिल्लक राहतो. रॉड्रिगेझ ही भीती लपवीत नाहीत आणि तिचा बाजारही मांडत नाहीत. हे या चित्रपटाचे बलस्थान होय.

त्याहून मार्मिक योजना फ्लूपच्या कार्यक्रमाची आहे. फेगन फ्लूप (अ‍ॅलन कमिंग) हा मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा सूत्रधार, आणि आत्मविश्वास हरवलेला जुनी त्याचा निस्सीम चाहता. पडद्यावर बागडणारी रंगीबेरंगी, विद्रूप पात्रे ही प्रत्यक्षात पकडून रूपांतरित केलेले हेर आहेत. त्यांची निरर्थक वाटणारी बडबड उलट वाजविली की सुटकेची याचना ऐकू येते. परिनिरीक्षकाने घटक मोजले असते तर फ्लूपच्या कार्यक्रमाला त्याला बालयोग्यच ठरवावे लागले असते. चित्रपट आपल्या बालप्रेक्षकाला संहिता उलटी वाचावयास शिकवितो. आपल्या कार्यक्रमात काय उणे आहे, या फ्लूपला छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही अखेर जुनीच देतो : मुले. जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये पीटर पॅनच्या निमित्ताने बालसाहित्याच्या अशक्यतेविषयी जो युक्तिवाद केला, त्याचा गाभा हाच होता. मुलांसाठी म्हटल्या जाणाऱ्या वाङ्मयात प्रौढाने कल्पिलेले मूल असते, प्रत्यक्ष मूल नसते.

बार्बरा वॉल यांनी १९९१ मध्ये बालकथेतील निवेदनाविषयी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. कधी निवेदक मुलाच्या डोक्यावरून प्रौढाकडे पाहून डोळे मिचकावतो. कधी तो दोघांशी एकाच वेळी, कोणालाही न वगळता बोलतो. कौटुंबिक म्हणविणारे बहुसंख्य विनोदी चित्रपट पहिल्या प्रकारात मोडतात. 'स्पाय किड्स'मध्ये अपशब्द तोंडात येता येता एका जातीच्या अळंबीचे नाव होतो. हा विनोद सोवळा नाही, पण तो मुलाला वगळतही नाही. अपशब्द गिळण्याची कसरत मुलाच्या रोजच्या परिचयाची असते. बाँडपटांची थट्टा मूळ माहीत नसतानाही रंगते, कारण तिचा भर उपकरणांच्या अद्भुतावर आहे. ही उपकरणे बनविणारा दुरावलेला काका माचेते याच नावाने व त्याच नटाच्या (डॅनी ट्रेहो) रूपाने २०१० साली रॉड्रिगेझ यांच्याच एका रक्तरंजित प्रौढपटाचा नायक झाला. एकच पात्र दोन टोकांच्या वर्गांत वावरू शकते, म्हणजे योग्यता ही आशयघटकात नसून विधानपद्धतीत असते, असे म्हणावयास येथे आधार मिळतो.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा नव्हे. एका प्रसंगात मुले लहानसे पाकीट यंत्रात ठेवतात आणि मॅकडोनाल्ड्सचे गरम जेवण तयार होऊन बाहेर येते. दृश्य गमतीचे आहे. पण ज्या चित्रपटाने नुकतेच मुलांच्या करमणुकीवर संशय घेण्यास शिकविले, तोच येथे जाहिरातीच्या सेवेला उभा राहतो, आणि ही बडबड उलटी वाजवून पाहावी असे मात्र तो सुचवीत नाही. फ्लूपच्या कार्यक्रमामागेही पैसा दुसऱ्याचाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे विसंगती अधिक बोचते.

दुसरा आक्षेप शेवटाविषयी आहे. आईवडिलांच्या असत्याचा जाब मुलांनी विचारावा इतकी सामग्री कथानकात साठलेली असताना, हा हिशेब साहसाच्या वेगात परस्पर मिटविला जातो. मुलांनी सोडविल्यावर आईवडील त्यांना मानू लागतात, म्हणजे मुलाचा मान त्याच्या कामगिरीवर येऊन ठेपतो. अखेरीस नव्या मोहिमेचे बोलावणे येते आणि सारे कुटुंब एकत्र काम करील या अटीवर कार्मेन ते स्वीकारते. घरातील गुपित संपते ते घर आणि हेरखाते यांतील भिंत पडल्यामुळे. प्रेक्षागृहातील मूल या शेवटाने सुखावते. परंतु ज्या मुलाला कोणतीही मोहीम जिंकता येत नाही, त्याच्याशी हे घर कसे वागले असते, याचे उत्तर चित्रपटाच्या रचनेत कोठेही सापडत नाही.