'फार्महाऊस' : व्युत्पत्ती आणि मराठी पर्याय

कर्जत-मुरबाड रस्त्याने कशेळ्याकडे जाताना, तसेच खालापूर तालुक्यात चौक-खोपोली परिसरात 'फार्महाऊस' हा शब्द पाट्यांवर पदोपदी आढळतो. अनुवादात त्यासाठी 'शेतघर' हा पर्याय सर्रास योजला जातो. हा पर्याय कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'फार्महाऊस' हा संकरित समास होय. उत्तरपद 'हाऊस' जर्मानिक कुळातील. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप 'हूस' असे होते. पूर्वपदाची कथा निराळी आहे. 'फार्म' म्हणजे शेत, असे आपण शाळेपासून पाठ करतो; परंतु तो या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. लॅटिन 'फिर्मारे' म्हणजे पक्के करणे. त्यापासून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'फिर्मा', म्हणजे ठरावीक देणे, हा शब्द सिद्ध झाला व जुन्या फ्रेंचमधील 'फेर्म'च्या वाटेने इंग्रजीत आला. आधी ठरीव खंड, मग खंडाने दिलेली जमीन आणि पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास कसण्याची जमीन, असे अर्थांतर झाले. प्राचीन इंग्रजीत धान्यरूपाने द्यावयाच्या देण्यास 'फेओर्म' म्हणत. त्याचाही येथे संबंध असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असले तरी दोन्ही वाटा खंडाकडेच जातात.

अर्थदृष्ट्या 'फार्म'चा मराठी सोयरा 'मक्ता' होय. मोल्सवर्थच्या कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) 'खोत' या शब्दाचा अर्थ देताना 'फार्मर' हा शब्द योजला आहे. तेथे नांगर धरणारा अभिप्रेत नाही. गावचा महसूल मक्त्याने घेणारा अभिप्रेत आहे. कोकणातील खोती 1949 च्या कायद्याने रद्द झाली, आणि 'फार्मर'चा हा अर्थही मराठी वाचकाच्या स्मरणातून गेला.

याउलट 'शेतघर' हा एकजिनसी समास. 'क्षेत्र' आणि 'गृह' यांची प्राकृतातून आलेली ही रूपे शेत कसणाऱ्याचे घर असा अर्थ सहज सुचवितात. आमच्या तालुक्यांतील कित्येक फार्महाऊसचा मालक शनिवार-रविवारी मुंबईहून येतो. भातलावणीशी त्याचा संबंध नसतो. राखणीस असलेले कुटुंब बहुधा जवळच्या ठाकूर वा कातकरी वाडीतील असते. अशा वास्तूस 'शेतघर' म्हटल्याने मालक आणि राबणारा यांतील अंतर शब्दातच बुजते. हा दोष केवळ शैलीचा मानता येणार नाही.

वाडीवरील विद्यार्थी 'फारमवर कामाला जातो' असे म्हणतात. 'शेतावर जातो' हा प्रयोग ते घरच्या भातखाचरासाठी राखून ठेवतात. अनुवादकानेही 'फार्महाऊस' तसेच ठेवावे व 'शेतघर' शेतकऱ्याच्या रानातील घरासाठी योजावे.