‘फॅन्टम्स इन द ब्रेन’ : एका गाजलेल्या ग्रंथाचा पुनर्विचार

डॉ. विलयनूर रामचंद्रन आणि सँड्रा ब्लेकस्ली यांचा ‘फॅन्टम्स इन द ब्रेन’ हा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. मेंदूसारखा क्लिष्ट विषय रुग्णांच्या हकिकतींतून इतका रंजक करून सांगणारे ग्रंथ थोडेच. त्यामुळे अध्यापकांनी तो जरूर वाचावा. परंतु त्यातील मध्यवर्ती सिद्धान्त जसाच्या तसा वर्गात सांगावा काय, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

अपघातात हात गमावलेल्या एका १७ वर्षांच्या खेळाडूची हकिकत ग्रंथात येते. डोळे बांधून त्याच्या गालावर कापसाची काडी टेकवली असता, नसलेल्या हाताला स्पर्श झाल्याचे तो सांगतो. मेंदूतील शरीराच्या नकाशात हाताचा भाग चेहऱ्याच्या भागाला लागून असतो, हे वाइल्डर पेनफिल्ड यांनी पूर्वीच दाखविले होते. तेव्हा हाताकडून येणारे संदेश थांबताच, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याप्रमाणे चेहऱ्याने हाताची जागा बळकावली, असा डॉ. रामचंद्रन यांचा निष्कर्ष. टिमथी पॉन्स यांच्या १९९१ च्या माकडांवरील संशोधनाचा त्याला आधार होता. पुढे १९९५ मध्ये हेर्टा फ्लोर यांनी १३ रुग्ण तपासून असे मांडले की, हे अतिक्रमण जितके जास्त तितक्या आभासी हाताच्या वेदना जास्त. सिद्धान्त पक्का झाला असे सर्वांना वाटले.

तमार मॅकिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली नेमके उलट चित्र मांडले. ज्यांच्या मेंदूत हाताची जागा शाबूत होती, त्यांनाच वेदना अधिक होत्या. २०२५ च्या अभ्यासात तर तीन व्यक्तींचे मेंदू हात कापण्यापूर्वी आणि नंतरही, एका व्यक्तीच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत, तपासले गेले. आभासी बोटे हलविण्याचा प्रयत्न करताच हाताचा जुना नकाशा पूर्वीप्रमाणेच जागा होई. ओठांचा प्रदेश तिकडे सरकलेला नव्हता. म्हणजे बांध कोरला गेलाच नव्हता! गालावरील स्पर्श हाताला का जाणवतो, याचे उत्तर आता अन्यत्र शोधावे लागेल. मात्र रुग्णांचे अनुभव त्यामुळे खोटे ठरत नाहीत, डॉ. रामचंद्रन यांची निरीक्षणशक्ती त्यांच्या उपपत्तीपेक्षा अधिक टिकाऊ ठरली, एवढेच.

याचा उत्तम पुरावा म्हणजे आरशाची पेटी. खोक्यात उभा आरसा, एका बाजूला धडधाकट हात, आणि त्याचे प्रतिबिंब गमावलेल्या हाताच्या जागी. खर्च जवळजवळ शून्य. एका रुग्णाने ती पेटी घरी नेली; तीन आठवड्यांनी आभासी हात नाहीसा होऊन केवळ बोटे खांद्यापाशी लोंबत राहिली आणि कोपराची वेदना थांबली. डोळ्यांची साक्ष शरीराच्या जाणिवेला कशी वळवते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. २००७ मध्ये अमेरिकेतील जखमी सैनिकांवर या उपचाराची रीतसर चाचणी झाली. आरसा वापरणाऱ्या सर्व रुग्णांची वेदना घटली. परंतु चाचणी पूर्ण करणारे रुग्ण अवघे १८ होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष आरसा वापरणारे सहाच, हेही सांगितले पाहिजे.

भावनेविषयीचे प्रकरण अधिक सावधपणे वाचावे लागते. आईवडिलांना ‘तोतये’ समजणाऱ्या तरुणाला चेहरा ओळखू येतो, पण त्यामागची आपुलकी जाणवत नाही. आईवडिलांची छायाचित्रे पाहून त्याच्या त्वचेवर अपेक्षित प्रतिक्रिया उमटत नाही. ही कल्पना एलिस आणि यंग यांनी १९९० मध्येच मांडली होती. धार्मिक शब्दांना मिळणाऱ्या प्रतिसादाचा प्रयोग तर अपस्माराच्या दोनच रुग्णांवर झाला. ईश्वर आहे वा नाही याचा निवाडा त्यातून होत नाही, हे ग्रंथातच स्पष्ट केले आहे. तरी वृत्तपत्रांनी मेंदूत ‘ईश्वराचे केंद्र’ सापडल्याची हाकाटी केली.

मेंदू म्हणजे हवा तसा घडविता येणारा मातीचा गोळा, हे या ग्रंथाच्या वाचकांत रुजलेले वाक्य आहे. मॅकिन व जॉन क्रॅकॉअर यांनी २०२३ मध्ये त्यालाच आव्हान दिले : कौशल्य शिकताना मेंदू नवी घरे बांधत नाही, असलेल्याच जोडण्यांना बळ देतो.