‘रिक्त पद’ आणि ‘तुटवडा’ : एका परिभाषेची चिकित्सा

विमानवाहतुकीसंबंधी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘वैमानिकांचा तुटवडा’ हा शब्दप्रयोग आता इतका रूढ झाला आहे की त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. अमेरिकेतील वृत्ते मराठीत देताना तर तो हटकून योजला जातो, आणि तेथील व्यवहारातील गुंतागुंत त्याखाली झाकली जाते. प्रस्तुत टिपणात ‘पद’, ‘निवृत्ती’ आणि ‘तुटवडा’ या तीन संज्ञांचा अर्थदृष्ट्या विचार करावयाचा आहे. विषय विमानांचा असला तरी प्रश्न शब्दार्थाचा आहे; परंतु अयथार्थ शब्दाने कायद्यालाही वळण लागू शकते हे ध्यानी घेतल्यावर तो केवळ शब्दार्थाचा राहत नाही.

प्रथम ‘पद’. मोठ्या अमेरिकन विमानकंपन्यांत वैमानिकाचे स्थान तीन गोष्टींनी निश्चित होते : तळ, विमानाचा प्रकार आणि आसन. ‘नेवार्क, बोइंग ७३७, कॅप्टन’ हे एक पद. ‘नेवार्क, बोइंग ७३७, सहवैमानिक’ हे दुसरे. कंपनी रिक्त पदे जाहीर करते, वैमानिक आपली पसंती नोंदवितात, आणि ज्येष्ठतासूचीच्या क्रमाने पदांचे वाटप होते. ही ज्येष्ठता त्या कंपनीत रुजू झाल्यापासून मोजली जाते. दुसऱ्या कंपनीत जाणारा अनुभवी कॅप्टनही सामान्यतः नव्या सूचीच्या तळाशी जातो. व्याकरणात प्रत्यय लागून वाक्यात उभ्या राहिलेल्या शब्दासच ‘पद’ म्हणतात, सुट्या शब्दास नव्हे. येथेही तोच न्याय लागू पडतो. सुटा वैमानिक कोणत्याच विमानात बसत नाही. विशिष्ट तळाचा, विशिष्ट विमानाचे शिक्षण घेतलेला, विशिष्ट आसनाचा अधिकारी म्हणूनच तो बसतो. सोस्यूरने भाषिक चिन्हाच्या मूल्याविषयी जे प्रतिपादन केले, त्याचाही येथे प्रत्यय येतो : पदाचे मूल्य त्याच्या स्वतःत नसून शेजारच्या पदांशी असलेल्या संबंधात आहे.

‘निवृत्ती’च्या बाबतीत इंग्रजीने एक घोटाळा करून ठेवला आहे. माणूस आणि विमान या दोहोंस ती भाषा एकच क्रियापद लावते. मराठीत माणूस निवृत्त होतो आणि विमान सेवेतून काढले जाते. हा भेद जपण्याजोगा आहे, कारण दोहोंचे परिणाम भिन्न आहेत. माणूस निवृत्त झाला म्हणजे वरचे पद मोकळे होते व खालची मंडळी वर सरकतात. समजा, बोइंग ७७७ चा एक कॅप्टन निवृत्त झाला. त्याच्या जागी बोइंग ७३७ चा कॅप्टन आला, त्याच्या जागी ७७७ चा सहवैमानिक, आणि त्याच्या जागी ७३७ चा सहवैमानिक. शेवटी एक नवा माणूस घ्यावा लागला. एका निवृत्तीमुळे चौघांना नवे प्रशिक्षण द्यावे लागते. उलट, विमानाचा एखादा प्रकारच सेवेतून काढला की पदे नाहीशी होतात आणि माणसे आडवी किंवा खाली ढकलली जातात. २०२० साली या दोन्ही क्रिया एकदमच घडल्या. डेल्टा कंपनीने त्या वर्षी जूनमध्ये एमडी-८८ व एमडी-९० आणि ऑक्टोबरमध्ये बोइंग ७७७ ही विमाने काढून टाकली. त्याच वर्षी तिच्या दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी मुदतपूर्व निवृत्ती पत्करली. पुढे प्रवासी परतले तेव्हा केवळ माणसे मोजून भागणारे नव्हते. प्रत्येकास योग्य आसनासाठी तयार करण्यास लागणारा काळही मोजावा लागला.

आता मुख्य मुद्दा. ‘कॅप्टनचे पद रिक्त आहे’ या एकाच वाक्याचे तेथे दोन परस्परभिन्न अर्थ होतात. छोट्या, प्रादेशिक कंपन्यांत पद रिक्त राहते ते पात्र माणसाच्या अभावी. विमानकंपनीच्या सेवेत सहवैमानिक म्हणून सामान्यतः १,००० तासांचा अनुभव झाल्याखेरीज कॅप्टन होता येत नाही. आणि तेवढा अनुभव गाठीस बांधलेला माणूस मोठ्या कंपनीची वाट धरतो. २०२२ साली अशा कंपन्यांची अनेक विमाने जमिनीवर उभी होती. मोठ्या कंपन्यांत मात्र चित्र वेगळे दिसले. रॉयटर्सने २०२३ च्या उन्हाळ्यात दिलेल्या वृत्तानुसार, युनायटेड कंपनीने वर्षभरात जाहीर केलेल्या कॅप्टन-पदांपैकी सुमारे निम्मी, म्हणजे ९७८, भरली गेली नाहीत. येथे पात्र माणसे होती. त्यांनी पद नाकारले. कारण उघड आहे. ज्येष्ठ सहवैमानिक आपल्या सोयीची उड्डाणे व सुट्या निवडू शकतो. तोच कॅप्टन झाला की कॅप्टनांमध्ये कनिष्ठ ठरतो आणि बोलावणे येईल तेव्हा निघण्याच्या राखीव कामास बांधला जातो. अधिक वेतनाने ही हानी भरून येते असे त्याला वाटत नाही. पहिल्या अर्थी रिक्तता म्हणजे अभाव, दुसऱ्या अर्थी नकार.

‘तुटवडा’ हा शब्द हा भेद पुसून टाकतो. मराठीत तुटवडा धान्याचा, रॉकेलचा, सुट्या पैशांचा होतो. या वस्तू नकार देत नाहीत. माणसांस हा शब्द लावताच त्यांचे कर्तृत्व वाक्यातून गळते आणि उपायही वस्तूंना शोभणारेच सुचतात : साठा वाढवा. जुलै २०२३ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाने निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ करण्याची तरतूद मंजूर केली. मे २०२४ च्या अंतिम कायद्यात ती आली नाही. ती आली असती तर प्रादेशिक कंपन्यांतील गळती काही काळ मंदावली असती, हे मान्य करावयास हवे. परंतु आंतरराष्ट्रीय उड्डाणांची मर्यादा ६५ च असल्यामुळे मोठ्या विमानांवरील वृद्ध कॅप्टनांना देशांतर्गत विमानांवर उतरावे लागले असते. आणि नाकारलेली कनिष्ठ पदे नाकारलेलीच राहिली असती. पूर्वानुभवही हेच सांगतो. १९६० पासून लागू असलेली ६० वर्षांची मर्यादा डिसेंबर २००७ मध्ये ६५ झाली. वयोमर्यादेमुळे होणारी निवृत्ती पाच वर्षे लांबली, टळली नाही.

वृत्ताच्या मथळ्यात एवढा भेद मावणार नाही, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असे की ‘कॅप्टन-पदे रिक्त’ हा मथळा ‘वैमानिकांचा तुटवडा’ याहून लांब नाही आणि अधिक खरा आहे. त्याखालील पहिल्याच वाक्यात ती पदे ‘पात्र माणसाअभावी’ रिक्त आहेत की ‘नाकारली गेल्यामुळे’, हे सांगता येते. नव्या पारिभाषिक संज्ञा घडविण्याचीही येथे गरज नाही. निवृत्तीचे वय ठाऊक असते आणि प्रत्येकाची जन्मतारीख कंपनीच्या दप्तरी असते. म्हणून वयोमर्यादेमुळे केव्हा कोणते पद मोकळे होणार, हे वर्षानुवर्षे आधी मोजता येते. ज्याची तारीख आधीच ठाऊक आहे, त्यास दुष्काळाची भाषा लावणे म्हणजे नियोजनाचा दोष दैवावर ढकलणे होय. शब्द निवडताना निदान भाषेच्या अभ्यासकाने तरी या ढकलण्यास साहाय्य करू नये.