मिलग्रॅम यांची न वाचलेली कोष्टके

स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे 'ओबिडियन्स टु ऑथॉरिटी' हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील प्रयोग १९६१-६२ मध्ये येल विद्यापीठात झाले होते. प्रयोगासाठी आलेल्या माणसाला 'शिक्षक' नेमत. (वाचकांनी क्षमा करावी, नाव मिलग्रॅम यांचेच.) पलीकडच्या खोलीतला 'विद्यार्थी' चुकला की विजेचा धक्का द्यायचा आणि दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत जायचे. विद्यार्थी संशोधकांचाच माणूस असे आणि धक्के खोटे, पण शिक्षकाला ते ठाऊक नसे. पहिल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले.

सगळीकडे एवढाच आकडा सांगतात आणि माणूस मुळातच हुकमाचा ताबेदार, असे तात्पर्य काढतात. आमच्या मते पुस्तकाचा गाभा पुढच्या कोष्टकांत आहे. सोबतच्या दोन 'शिक्षकां'नी नकार दिला, तेव्हा ४० पैकी ४ जणच शेवटपर्यंत गेले. उलट खटका दुसऱ्याने दाबायचा आणि आपण फक्त जोडकाम करायचे, अशी वाटणी केली तेव्हा ३७ जण शेवटपर्यंत थांबले. माणसे त्याच प्रकारची होती, बदलली ती मांडणी. कचेरीत काम असेच वाटलेले असते: टिपण एकाचे, सही दुसऱ्याची, अंमल तिसऱ्याचा. वर्गात हा प्रयोग सांगताना २६, ४ आणि ३७ हे तिन्ही आकडे फळ्यावर लिहावेत.

हुकूम मिळाला की माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे साधन मानू लागतो, हे मिलग्रॅम यांचे स्पष्टीकरण मात्र आम्हाला अपुरे वाटते. संशोधक बाहेर जाऊन टेलिफोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे एक पंचमांशच उरले. काही जण तर सौम्य धक्का देत राहिले आणि फोनवर 'वाढवतो आहे' म्हणाले. साधन असे खोटे बोलेल काय? वरिष्ठांकडे जाणारी पत्रके भरणाऱ्याला हे वागणे ओळखीचे वाटेल. मिलग्रॅम त्याला ताण हलका करण्याचा एक मार्ग म्हणतात आणि पुढे जातात. आम्हाला तेथे थांबावेसे वाटले.

जीना पेरी यांनी मूळ ध्वनिफिती व कागदपत्रे तपासून २०१२ साली पुस्तक लिहिले. प्रयोग चालवणारा ठरलेली वाक्ये सोडून आणखी आग्रह करी, आणि धक्के खरे आहेत का याची अनेकांना शंका होती, असे त्यांना आढळले. तेव्हा हे आकडे वापरायचे ते जपूनच.